मीठफुटीच्या रानात पाईप घालायचा ठरलंय, पण पाणी सोडायचं कुठं?

वारणाकाठ | ११ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यातलं आमचं गाव, वारणेपासून फार लांब नाही. घरची साडेचार एकर, सगळी काळी नि खोल. वडिलांच्या उमेदीत या रानानं भरपूर ऊस दिला. आता खालच्या अंगाचं दीड एकर जवळजवळ गेल्यात जमा आहे. उन्हाळ्यात वर पांढरी खपली येते, पाय टाकला की माती भुसभुशीत फुगलेली लागते, आणि त्याच्याच शेजारी काळपट तेलकट डाग, जो भर मे महिन्यात पण ओला दिसतो. उगवण तुटक, आलेल्या उसाची पानं कडेनं करपलेली. पावसाळ्यात साचलेलं पाणी आठवडाभर हलत नाही.

धाकट्या भावाचं आणि माझं ठरलंय की जमिनीखालून सच्छिद्र पाईप घालून निचरा करायचा. कर्ज पण मिळेल असं वाटतंय. अडचण पुढं आहे. आमच्या रानात नि ओढ्यात तीन खातेदार. दोघं हो-नाही करतायत, तिसरे भावकीतलेच चुलते, ते स्पष्ट म्हणाले, "तुझं खारं पाणी माझ्या रानातनं न्यायचं नाही." त्यांचंही रान कडेनं पांढरं पडायला लागलंय ही गोष्ट वेगळी. आणि ओढा तरी कुठं ओढा राहिलाय, दोन्ही बाजूंनी दाबून दाबून त्याची गटार झालीय.

तर प्रश्न असा, एकट्यानं दीड एकरात पाईप घालून उपयोग होतो का? की सगळे तयार होईपर्यंत थांबायचं? कुणी म्हणतं नुसतं जिप्सम टाक, कुणी म्हणतं साखर कारखान्याची मळी टाक. माझं मत विचाराल तर आमच्या भागात पाणी आणायला सगळे एक झाले, उपसा योजना झाल्या, दोन-दोन किलोमीटरच्या पाईपलाईनी झाल्या. तेच पाणी रानाबाहेर काढायची वेळ आली तेव्हा जो तो आपापल्या बांधावर उभा आहे. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सविस्तर लिहा ही विनंती.

मृदगंध | ११ एप्रिल, रात्री ११:१५

वारणाकाठ दादा, पाईप, जिप्सम, मळी सगळं बाजूला ठेवा, आधी माती तपासा. मी माती परीक्षणाच्या कामात आहे, आणि रोज बघतो की लोक रोग न ओळखता औषध घेऊन येतात.

तुम्ही दोन वेगळ्या खुणा लिहिल्यात. पांढरी खपली आणि फुगलेली भुसभुशीत माती ही क्षारयुक्त जमिनीची. तेलकट काळा डाग ही चोपणची, कारण सोडियम वाढला की मातीतला सेंद्रिय भाग विरघळून वर येतो. क्षारयुक्त म्हणजे विद्राव्य क्षार जास्त, संपृक्त मातीच्या अर्काची ईसी (विजेची वाहकता, यावरून क्षार किती ते कळतं) ४ च्या वर, सामू म्हणजे पीएच ८.५ च्या आत. चोपण म्हणजे विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम १५ टक्क्यांच्या वर, सामू ८.५ च्या पुढं. आपल्या काळ्या मातीत चिकणमाती इतकी की त्याच्या बरंच अलीकडे, ७-८ टक्क्यांलाच जमीन पाणी मुरू द्यायचं बंद करते. तुमच्याकडे दोन्हीचं मिश्रण असायची शक्यता जास्त आहे.

क्षारयुक्तला जिप्समची गरज नसते. तिथं गोडं पाणी मुरवून क्षार खाली धुवून नेणं आणि ते पाणी बाहेर काढणं एवढंच औषध. चोपणला जिप्सम लागतं, पण जिप्समनं मोकळा केलेला सोडियम बाहेर जायला वाट नसेल तर तो तिथंच फिरत राहतो. आणि नुसता पाईप चोपणात घातला तर वरचं पाणी पाईपपर्यंत पोचतच नाही. म्हणून नमुना वरच्या फुटाचा एकच घेऊ नका. एक फूट, दोन फूट, तीन फूट असे तीन थरांचे वेगळे घ्या, पांढऱ्या जागेचे वेगळे आणि काळ्या डागाचे वेगळे.

अजून एक. बऱ्याच लॅब एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन ईसी काढतात, तो आकडा संपृक्त अर्काच्या ईसीपेक्षा बराच कमी येतो. रिपोर्टवर १.५ बघून "चारच्या आत आहे की" म्हणून लोक निवांत होतात आणि रान हातचं जातं. कुठल्या पद्धतीनं काढलाय ते विचारून घ्या.

बांधावरचा_राजा | १२ एप्रिल, सकाळी ६:५०

वाचतोय. आमच्या पलूसकडं पण हेच.

कोरडवाहू | १२ एप्रिल, सकाळी ९:०५

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आधी ऊस सोडा. पाईप घालून पुन्हा ऊसच लावणार असाल आणि पाणी तितकंच देणार असाल तर मोरीचा बोळा काढायचा आणि नळ पूर्ण सोडून ठेवायचा असला प्रकार आहे. मी जत भागातला. आमच्याकडे प्यायला टँकर आणि तुमच्याकडे पाणी जास्त झालं म्हणून जमीन मेली, हे बघून पोटात तुटतं.

थोडा हिशोब करा. ईसी १ असलेल्या विहिरीच्या पाण्यात लिटरला साधारण ६४० मिलीग्रॅम क्षार. एक एकरात एक मीटर पाणी दिलं म्हणजे ४० लाख लिटर. म्हणजे अडीच टन मीठ तुम्ही हातानं रानात टाकलं. आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या उसाला पाटानं दोन मीटरच्या पुढं पाणी सहज जातं. नदीचं पाणी याच्यापेक्षा बरंच गोडं हे मान्य, पण विहीर-बोअरचं पाणी मिसळून देणारे कितीतरी आहेत. पीक पाणी पितं, मीठ मागं ठेवतं.

शिरोळचे_अप्पा | १२ एप्रिल, सकाळी ११:३०

कोरडवाहू, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण "ऊस सोडा" म्हणणं सोपं आहे हो. ज्या रानात गुडघाभर पाणी उभं राहतं तिथं तूर लावू का हरभरा? पाण्याची पातळी दोन फुटांवर असताना कुठलंच पीक येत नाही, ऊस त्यातल्या त्यात तग धरतो म्हणून तो शेवटपर्यंत टिकतो. आधी पाणी खाली गेलं पाहिजे, मग पिकांची निवड.

आता वारणाकाठ यांच्यासाठी. आमच्या शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्यानं पुढाकार घेऊन गटागटानं हे काम केलं. आमच्या शिवारात शेजारी-शेजारी रानं असलेले आम्ही एकत्र आलो. एकरी खर्च लाखाच्या पुढं गेला, बहुतेकांनी कर्ज काढलं. काम असं झालं. आधी सगळ्या शिवाराची लेव्हल घेतली, म्हणजे कुठं किती उंच-सखल ते मोजलं. मग मशिननं चर काढत ८० मिलिमीटरचे नळीदार सच्छिद्र पाईप, वर जाळीचं कापड गुंडाळलेले, साधारण सव्वा मीटर खोलीवर. दोन ओळीतलं अंतर आमच्या मातीला २५ मीटर काढून दिलं होतं, तुमच्या मातीला वेगळं येईल, ते मोजल्याशिवाय कुणाचं ऐकून ठरवू नका. या सगळ्या ओळी एका मोठ्या पाईपला जोडल्या, जागोजागी तपासणीच्या हौद्या, आणि शेवटी तोंड ओढ्यात.

पहिल्या पावसाळ्यात तोंडाशी उभं राहून बघितलेलं सांगतो. पाणी चहासारखं तांबूस, जिभेला लावलं तर खारट कडू. तोंडाच्या खाली जिथं पाणी सुकायचं तिथं दगडावर पांढरा थर धरायचा. पुढच्या पावसाळ्यात रंग बराच निवळला. ईसीचं छोटं मीटर घेतलं होतं, आकडा हळूहळू उतरत गेला. पहिलं पीक आम्ही ऊस घेतलाच नाही, हिरवळीच्या खतासाठी धैंचा गाडला आणि रब्बीला गहू केला.

नीराकाठ | १२ एप्रिल, दुपारी १:२०

शिरोळचे अप्पा, सुंदर माहिती. थोडा इतिहास लिहितो, कारण हे दुखणं आजचं नाही.

आमच्याकडं अशा रानाला चिबड म्हणतात. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराचा, भाटघरचं पाणी. दुष्काळी मुलूख, खालची माती काळी नि खोल, नैसर्गिक उतार कमी. पाणी आलं, ऊस आला, आणि एका पिढीत बारामतीच्या आसपासची रानं उपळायला लागली, गावात हिवताप वाढला. विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्यात इंजिनिअर होते. त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली, म्हणजे एका गटातल्या ठराविक हिश्श्यातच ऊस, बाकीत कमी पाण्याची पिकं, आणि हिस्सा फिरता ठेवायचा. पुढं पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर इंग्लिस साहेबांच्या काळात बारामती भागात पाण्याच्या पातळ्या मोजून चरांचे प्रयोग झाले. १९३२ ला पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र आलं.

आमचे आजोबा सांगायचे की सरकारी चर इतके खोल होते की म्हैस उतरली तर शिंगं तेवढी दिसायची. आज ते चर शोधावे लागतात. निम्मे गाळानं भरले, निम्मे नांगरून रानात घेतले. सरकारनं खणले म्हणून ते कुणाचेच नव्हते. वारणाकाठ, तुम्ही ओढ्याबद्दल लिहिलंत ते वाचून हेच आठवलं.

रात्रपाळी | १२ एप्रिल, दुपारी ३:४५

एक गोष्ट कुणी लिहिली नाही ती म्हणजे रात्रीची लाईट. आठवड्यातले कितीतरी दिवस शेतीची लाईट रात्री. साप-विंचवाच्या भीतीनं नि बिबट्याच्या भीतीनं कोण जाणार पाण्याची दारं धरायला? मोटरला ऑटो बसवून ठेवायचा, लाईट आली की मोटर सुरू, गेली की बंद, मधल्या वेळात सरी भरून वाहून खालच्या रानात गेली तरी कुणाला पत्ता नाही. वारणाकाठ दादांचं खालचं दीड एकर असंच वरच्यांच्या पाण्यानं मेलेलं असणार. त्यात उपसा योजनेची पट्टी एकरावर, पाणी कमी वापरलं म्हणून एक रुपया कमी होत नाही. मग शेतकऱ्याला शिव्या देऊन काय होणार.

कोरडवाहू | १२ एप्रिल, दुपारी ४:३०

रात्रपाळी, हा मुद्दा शंभर टक्के मान्य. मोजून पाणी आणि मोजून पट्टी झाली पाहिजे. नाशिककडच्या ओझर-वाघाडच्या पाणी वापर संस्थांनी नव्वदच्या दशकापासून ते करून दाखवलंय, आणि २००५ च्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्यात घनमापनाची, म्हणजे पाणी मोजून द्यायची तरतूद पण आहे. उसाच्या पट्ट्यातच ते का होत नाही हा माझा प्रश्न आहे.

दोन_एकर_माझे | १२ एप्रिल, रात्री ९:१०

सगळ्यांचं वाचलं. मी मिरज तालुक्यात स्वतः शेती बघते, मालक नोकरीला बाहेरगावी. आमचं रान पूर्ण गेलेलं नाही, एका कोपऱ्यात सुरू झालं होतं. पाईपचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून पाणी कमी करण्यापासून सुरुवात केली. ठिबक केलं. पाचट जाळायचं बंद केलं, सरीत तसंच कुजवते. लागणीला उसाचा २६५ वाण घेतला, कारण तो अशा रानात ८६०३२ या वाणापेक्षा जास्त तग धरतो हा आमच्या भागातला अनुभव आहे.

पण ठिबकवाल्यांनो एक लक्षात ठेवा. ठिबकनं मीठ जात नाही, ते ओलाव्याच्या कडेला जाऊन बसतं. नळीच्या दोन्ही बाजूंना पांढरी रेघ दिसते ती तीच. मुळं मधल्या ओल्या भागात सुखात असतात, आणि पहिला वळवाचा पाऊस आला की कडेचं मीठ एकदम मुळांवर उतरतं. आमच्या शेजारणीचा कोवळा ऊस असा एका पावसात पिवळा पडला होता. म्हणून पहिला हलका पाऊस सुरू झाला की ठिबक बंद न करता चालू ठेवायचं, म्हणजे मीठ आत येत नाही. शेजारी हसतात पाऊस चालू असताना मोटर सुरू बघून, हसू देत.

वारणाकाठ दादा, अजून एक सांगायचं आहे. जमीन जाते तेव्हा घरातली बाई दुसऱ्याच्या बांधावर भांगलायला जायला लागते. आमच्या गल्लीत अशी घरं आहेत, सातबाऱ्यावर तीन एकर आणि रोजगार दुसऱ्याच्या रानात. म्हणून थांबू नका.

मृदगंध | १२ एप्रिल, रात्री ९:४०

ताई, पहिल्या पावसाचा मुद्दा सोन्यासारखा. प्रत्येक ठिबकवाल्याला सांगायला पाहिजे.

पोल्डरवासी | १३ एप्रिल, पहाटे २:१५

मूळचा कोल्हापूरचा, सध्या नेदरलँड्समध्ये, फ्लेव्होलँड भागात राहतो. हा सगळा भाग समुद्राच्या तळातून काढलेली जमीन, पूर्वेकडचा हिस्सा १९५७ ला कोरडा झाला, दक्षिणेकडचा १९६८ ला. इथं शेताखाली पाईप असणं इतकं नेहमीचं आहे की घराला ड्रेनेज असतं तसं कुणी त्यावर बोलत पण नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं पाणी-मंडळ, डच लोक वाटरस्खॉप म्हणतात. शेकडो वर्षांची परंपरा आहे. दर चार वर्षांनी त्याची निवडणूक होते, जमीनमालक आणि रहिवासी सगळे त्याचा कर भरतात, आणि ओढे-चर साफ ठेवणं, पाण्याची पातळी ठरवणं हे त्याचं काम. शेतकऱ्याला आपल्या हद्दीतला चर दरवर्षी साफ करावाच लागतो, मंडळाची माणसं येऊन तपासून जातात. नीराकाठ यांनी लिहिलं ना की चर कुणाचेच नव्हते, इथं तो प्रश्न सुटला तो मालकी आणि कर या दोन गोष्टींनी.

आणि आजकाल इथं पाईपच्या तोंडाला झडप बसवतात. पाणी जास्त असेल तेव्हा उघडी, कोरड्या दिवसांत बंद, म्हणजे गोडं पाणी आणि नत्र रानातच राहतं. शिरोळचे अप्पा, तुमच्याकडे असं काही आहे का?

शिरोळचे_अप्पा | १३ एप्रिल, सकाळी ८:००

आमच्या तोंडाला झडप नाही, पण युरिया टाकला की चार दिवस तोंड बोळ्यानं बंद करणारे आमच्यात आहेत. नाहीतर पैसा ओढ्यात. तुमची कल्पना आमच्या बैठकीत मांडतो.

देखभालीचं पण लिहून ठेवतो कारण पाईप घातला की संपलं असं लोकांना वाटतं. हौद्यांतला गाळ वर्षातून एकदा तरी काढावा लागतो. तोंडाशी गवत, गाळ धरतो. २०१९ च्या महापुरात आमचं तोंड गाळाखाली गेलं, शोधायलाच वेळ गेला, तोवर वरच्या हौद्या भरल्या होत्या. आता तोंडाशी सिमेंटचा खांब पुरलाय.

फ्रेस्नोकर | १३ एप्रिल, सकाळी ९:२०

धागा आवडला. मी कॅलिफोर्नियाच्या सॅन होआकिन खोऱ्यात राहतो. कोरडवाहू यांच्या बाजूनं एक मुद्दा. इथं पश्चिमेकडच्या शेतांचं निचऱ्याचं पाणी एका मोठ्या कालव्यानं समुद्राकडं न्यायचं होतं, कालवा अर्धाच झाला आणि पाणी केस्टरसन नावाच्या तळ्यांत सोडलं. १९८३ मध्ये तिथं पक्ष्यांची व्यंग असलेली पिल्लं सापडली, कारण मातीतलं सेलेनियम पाण्याबरोबर आलं होतं. शेवटी तो कालवा बंद करावा लागला. आपल्या भागात सेलेनियमचाच प्रश्न आहे असं मी म्हणत नाही. पण तुमच्या रानातलं मीठ बाहेर काढलं म्हणजे ते नाहीसं झालं असं नाही, ते कुणाच्या तरी पाण्यात गेलं.

कोरडवाहू | १३ एप्रिल, सकाळी १०:००

अगदी हेच मला म्हणायचं होतं. वाळव्याचं मीठ वारणेत, वारणेचं कृष्णेत, आणि ते शिरोळवाल्यांच्या जॅकवेलला, म्हणजे नदीतनं पाणी उपसायच्या विहिरीला. त्यांचं पुढं कर्नाटकात. निचरा हवाच, मी विरोधात नाही. पण वर पाणी कमी वापराल तर खाली मीठ कमी जाईल, हे दोन्ही एकत्र करा. पावसाळ्यात नदीला भरपूर पाणी असतं तेव्हा निघालेलं खारं पाणी पातळ होऊन जातं. उन्हाळ्यात नदी आटलेली असताना जाणारं पाणी खरं त्रासाचं. त्या दिवसांत जितकं कमी पाणी द्याल तितकं कमी निघेल.

मांडवीकाठ | १३ एप्रिल, दुपारी १२:३०

थोडं अवांतर, गोव्याहून. आमच्याकडं खाजन शेती आहे, खाडीच्या काठची, भरतीच्या पातळीखालची. बांध घालून खारं पाणी अडवतात आणि बांधात मानस असतं, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरती आली की पाण्याच्याच दाबानं दार मिटतं, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर जातं. कुणी उघडझाप करायला नको. पावसाच्या पाण्यानं मीठ धुतलं की मग कोरगुटसारखं खार सोसणारं भात. ही सगळी व्यवस्था गांवकारीच्या, म्हणजे गावच्या सामाईक संस्थेच्या जिवावर चालायची, बांध फुटला तर सगळ्यांनी धावायचं. जिथं ती एकी मोडली तिथं बांध फुटले आणि शेतात खारफुटी उगवली. तुमचा नि आमचा प्रश्न लांबून वेगळा दिसतो, पण सगळी गोम मानस कुणी सांभाळायचं यातच आहे.

बांधावरचा_राजा | १३ एप्रिल, दुपारी १२:५०

मांडवीकाठ, अवांतर कसलं, एक स्वतंत्र धागा काढा यावर. फोटोसकट.

सातबारा | १३ एप्रिल, सायंकाळी ६:१५

मूळ प्रश्नाच्या कायद्याच्या बाजूबद्दल. तालुक्याच्या ठिकाणी वकिली करतो.

ओढा दाबला गेलाय, नैसर्गिकपणे वाहून जाणारं पाणी कुणी अडवलंय आणि त्यानं शेतीचं नुकसान होतंय, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करायचा, हे महत्त्वाचं, नाहीतर दावा मुदतीबाहेर जातो. पण हे जमिनीवरून नैसर्गिक वाहणाऱ्या पाण्यापुरतं. तुम्ही पाईपनं काढलेलं पाणी चुलत्यांच्या रानातून न्यायचा हक्क यातून मिळत नाही. महसूल संहितेचं कलम ४९ लोक सांगतात, ते पाणी शेतात आणण्याच्या पाटासाठी आहे, निचऱ्यासाठी नाही. म्हणजे पाईपच्या वाटेसाठी संमती हाच मार्ग, आणि ती संमती लेखी, शक्यतो नोंदणी करून घ्या. तोंडी संमती पुढच्या पिढीत टिकत नाही.

दोन_एकर_माझे | १३ एप्रिल, सायंकाळी ७:००

वकीलसाहेब, माहिती उपयोगी आहे पण चुलत्यांवर दावा लावून शिवारात कुणी सुखानं राहत नाही. ओढ्यासाठी ग्रामसभेत विषय घ्या, सगळ्यांचं पाणी त्यातूनच जाणार आहे.

वारणाकाठ | १३ एप्रिल, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवसांत इतकं शिकायला मिळालं. मृदगंध दादांनी सांगितल्याप्रमाणे तीन थरांचे नमुने आज काढले, उद्या देतोय. खड्डा काढताना अडीच फुटांवरच पाणी लागलं, एप्रिलमध्ये! खड्ड्याच्या वरच्या बाजूच्या भिंतीतनं पाणी झिरपताना डोळ्यांनी दिसत होतं. खालच्या बाजूची भिंत त्या मानानं कोरडी.

कोरडवाहू दादा, राग अजिबात नाही. भावाला तुमचा अडीच टनाचा हिशोब वाचून दाखवला, तो बराच वेळ गप्प होता. वरच्या तीन एकराला ठिबक करायचं ठरवतोय.

मूळ प्रश्न मात्र तसाच आहे, चुलते ऐकत नाहीत तोवर दीड एकराचं काय करू?

शिरोळचे_अप्पा | १४ एप्रिल, सकाळी ७:३०

तुमच्या खड्ड्यानंच उत्तर दिलंय. पाणी वरून झिरपतंय. म्हणजे दीड एकरात जाळं घालण्याआधी वरच्या बांधालगत आडवी एक ओळ घाला, येणारं पाणी तिथंच अडवून बाजूला न्या. याला अडवण चर म्हणा. दीड एकर स्वतःच्या पाण्यानं जितकं बुडतंय त्यापेक्षा वरच्या पाण्यानं जास्त बुडत असेल तर याच एका ओळीनं फरक पडेल.

आता तोंडाचं. दोन वाटा आहेत. एक म्हणजे तुमच्याच रानाच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात सिमेंटच्या रिंगांची छोटी विहीर करा, सगळ्या ओळी तिच्यात सोडा, आणि पाणपातळीवर आपोआप सुरू होणारी छोटी मोटर लावून पाणी उचला. खर्च आणि लाईटचं बिल कायमचं मागं लागतं, पण लेव्हलची अडचण राहत नाही आणि कुठल्या बाजूनं न्यायचं हे तुमच्या हातात राहतं, रस्त्याकडेनं का होईना ओढ्यापर्यंत.

दुसरी वाट चुलत्यांची. त्यांना वाटतंय की तुमचं खारं पाणी त्यांच्या रानात मुरणार. त्यांना पाईप नेऊन दाखवा. त्यांच्या हद्दीत जो पाईप जाईल तो बिनछिद्राचा असतो, बंद नळी, थेंब बाहेर येत नाही. आणि मग एवढंच विचारा, "काका, तुमची कडा पांढरी पडलीय, तुमच्या दोन ओळी यालाच जोडायच्या का?" आमच्या गटात सगळ्यात जास्त विरोध करणारे होते त्यांनी असंच आधी नुसती वाट दिली, एक पावसाळा आमचं तोंड वाहताना बघितलं, आणि नंतर स्वतःहून आले. तेव्हा मुख्य पाईप आजच थोडा मोठा घाला. नंतर जोडायला तिघे आले तर पुन्हा उकरावं लागायचं नाही.

आणि चुलत्यांना इकडं घेऊन या एकदा. जेवायला घरी या, रान फिरवून दाखवतो, तोंडाशी नेऊन उभं करतो.

मृदगंध | १४ एप्रिल, सकाळी ८:१०

अप्पांच्या म्हणण्याला एक जोड. दोन इंची पीव्हीसी पाईपचा दोन मीटरचा तुकडा घ्या, खालच्या निम्म्या भागाला भोकं पाडा, कापड गुंडाळा, आणि रानात चार ठिकाणी उभा पुरा. एक तुमच्या वरच्या बांधाला, दोन दीड एकरात, एक चुलत्यांच्या कडेला, त्यांची परवानगी घेऊन. आत दोरीला बांधलेलं वजन सोडून पाणी किती खोलीवर लागतं ते दर आठवड्याला वहीत लिहा. वरच्या शेतकऱ्याची पाळी झाली की किती दिवसात पातळी चढते ते स्वतः दिसेल. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात क्षारपड जमिनीवर बरीच वर्षं काम झालंय, तिथं रिपोर्ट आणि ही वही दोन्ही घेऊन जा. ओळींचं अंतर नि खोली ठरवायला त्यांना हेच आकडे लागतात.

वारणाकाठ | १४ एप्रिल, रात्री ९:३०

अप्पा, काकांना तुमचा प्रतिसाद मोबाईलवर वाचून दाखवला. "बिनछिद्राचा पाईप म्हणजे कसा, बघू तरी" एवढं म्हणाले. येत्या रविवारी त्यांना घेऊन शिरोळला येतोय. बाकीचे दोन खातेदार पण येतो म्हणालेत. व्यनि (खासगी निरोप) केलाय, पत्ता कळवा.

लेव्हल कधी घ्यावी? ऊस तुटून गेलाय, रान मोकळं आहे.

शिरोळचे_अप्पा | १४ एप्रिल, रात्री १०:०५

लगेच घ्या, मेच्या आत. एकदा वळीव झाला की मशिन रानात रुतते आणि चराच्या कडा ढासळतात. नुसत्या तुमच्या रानाची घेऊ नका, चौघांची मिळून ओढ्याच्या तळापर्यंत घ्या. ओढ्याचा तळ तुमच्या पाईपपेक्षा खाली आहे का हे त्यातच कळेल, नसेल तर आधी ओढा खोल करायला लागेल. रविवारी या, जेवायला किती माणसं ते शनिवारी सांगा.